गळ्यात पोचा असलेली पावरी

मित्रांनो, मी एक जुनी पावरी आहे. जुनी म्हणजे साधारण पंचेचाळीस वर्षांची. स्वतःविषयी एवढे बोलायची मला सवय नाही. कुणी फुंकले की मी बोलले, फुंकणे थांबले की गप्प बसले, असेच आजवर चालले. पण गेल्या वैशाखात असे काही घडले की अजून माझ्या पोटात वारा मावत नाही. ते तुम्हाला नीट सांगता येईल की नाही, याची मला शंका आहे. तरी सांगते.

पावरी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली नसेल. वाळवलेला, आतून कोरून पोकळ केलेला एक लांब भोपळा. त्याला वरच्या बाजूला फुंकायला भोक. खालून बांबूच्या दोन नळ्या आत बसवलेल्या, आणि त्यांच्या आतल्या टोकांना बांबूच्याच पातळ जिभा. एका नळीला बोटांसाठी भोके असतात, दुसरी नुसती एकच सूर धरून राहते. सगळे सांधे मधमाशीच्या मेणाने बुजवलेले. आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला, माणसाच्या हाताएवढा लांब, वाकडा कर्णा. दिसायला मी जरा अवघडच आहे. पण माझा आवाज डोंगराच्या या सोंडेवरून त्या सोंडेवर जातो, हे मात्र मी न लाजता सांगू शकते.

माझा जन्म नवापूरकडच्या एका झोपडीच्या छपरावर झाला. माझा वेल तिथे चढला होता. वाढता वाढता मी छपरातल्या एका बांबूला टेकले आणि टेकल्या जागी माझ्या गळ्याला पोचा पडला. घरमालक पावऱ्या घडवणारा होता. त्या वर्षी माकडांनी बाकीचे सगळे भोपळे फोडले, म्हणून त्याने मला घेतले. मी काही त्याची निवड नव्हते, हे मला पहिल्यापासून ठाऊक होते.

मी पुरी झाले तेव्हा त्याने मला वाजवून पाहिले. सगळे सूर स्वच्छ निघाले. फक्त तिसरे बोट उचलले की वारा पोच्यात अडखळायचा. आधी म्हातारा माणूस घसा साफ करतो तसा खर्र असा आवाज व्हायचा आणि मग सूर निघायचा. त्याने ते बोट पुन्हा उचलले. पुन्हा खर्र. तो हसला, माझ्या कर्ण्याला मोराची दोन पिसे बांधली आणि मला बाजूला ठेवले. ते हसणे माझ्या मनात रुतून बसले.

त्याची मुलगी रूपलीबाई लग्न होऊन अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरात, उंबरपाणी नावाच्या पाड्यावर आली. तिथे ढोल होते, पावरी नव्हती. म्हणून बापाने जावयाच्या हातात मला दिले. जावयाचे नाव बाज्या. छाती अशी की एका दमात तो मला अख्खी टेकडी चढेपर्यंत वाजवत ठेवी.

काय दिवस होते ते! लग्नाचा मांडव पडला की बाज्या मला खांद्यावर टाकून निघे. ढोलावर पाड्यावरचाच गोवाल असे. माझा पहिला सूर निघाला की चुलीपाशी बसलेल्या बायका हात पुसत येत, पुरुष तंबाखू थुंकून येत, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरला जाई. बाज्याची थोरली बहीण कालीबाई नेहमी फेराच्या तोंडाशी. ती पाय टाकेल तसे बाकीचे टाकत. फेर डाव्या बाजूला सरकत जाई, सरकत जाई, आणि मध्येच एकदम उलटा फिरे. शंभर पाय एका क्षणी थांबत आणि दुसऱ्या दिशेला निघत. धूळ उडे, पायांतली कडी वाजत, माझ्या कर्ण्यातली ताडाची पाने थरथरत. हे सगळ्यांना एकदम कसे ठरवता येते, याचे मला नवल वाटे. बाज्या वळतो म्हणून तेही वळत असतील, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

लोक माझे कौतुक करत. पण मित्रांनो, खरे सांगू का, मला ते कधी पुरते घेताच आले नाही. प्रत्येक गाण्यात तो खर्र येईच. तो आला की मी आतल्या आत आक्रसून जाई. लोक भले आहेत, ऐकून न ऐकल्यासारखे करतात, असे मला वाटे.

मग बाज्याला दम लागू लागला. अक्कलकुव्याच्या डॉक्टरांनी सांगितले की आता फुंकणे बंद. त्याने मला पुसले आणि घरात एका खिळ्याला टांगले. चार वर्षे मी तिथे लटकले. मेण वाळून तडकले. एका कुंभारमाशीने माझ्या तोंडात मातीचे घर बांधले. पाड्यावर पुढची जी लग्ने झाली, त्यांत टेम्पोवरचा डीजे आला. त्याचा धक्का भिंतीतून माझ्यापर्यंत पोहोचे आणि मी खिळ्यावर हलत राही.

पण एक गोष्ट चांगली झाली. तो खिळा राजेंद्रच्या पुस्तकांच्या फळीच्या वर होता. राजेंद्र हा बाज्या आणि रूपलीबाईचा मुलगा, वय तीस. अक्कलकुव्यात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे त्याचे छोटे दुकान आहे. पोलीस भरतीत तीनदा थोडक्यात हुकल्यापासून त्याने स्वतःला सुधारायचा ध्यासच घेतला होता. भिंतीवर त्याने कागद चिकटवला होता : कालच्यापेक्षा आज बरा. पहाटे पाचला उठून तो टेकडीवर धावे, रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करी, आणि यशस्वी कसे व्हावे याची पुस्तके मोठ्याने वाची. मोठ्याने वाचल्याने उच्चार सुधारतात, असे त्यातल्याच एका पुस्तकात होते.

त्याची धाकटी बहीण सोनम त्याला चिडवायची. ती मोलगीच्या बाजूला आरोग्यसेविका आहे आणि तिच्या जिभेला आईची धार आहे. (घरातली बोली वेगळी आहे. तुमच्यासाठी मी ती शाळेच्या मराठीत सांगते.)

"दादा, तू इतका सुधारशील की एक दिवस आम्ही दार उघडणार नाही," ती म्हणाली. "म्हणू, हा कोण पाहुणा आला?"

राजेंद्र हसला आणि पुढचे पान वाचू लागला. आणि वर मी! मी एकही ओळ सोडत नव्हते. आपले दोष शोधा, एकेक दोष दूर करा, थांबू नका. मला तर कुणीतरी माझीच गोष्ट वाचून दाखवतो आहे असे वाटले. माझा दोष शोधायची गरजच नव्हती. चाळीस वर्षे तो माझ्या गळ्यात होता. खिळ्यावर लटकलेल्या मला पहिल्यांदा पुढचे काही दिसू लागले.

दिवाळीनंतर सोनमचे लग्न ठरले. वैशाखातली तारीख निघाली. नवरदेवाच्या मित्रांनी डीजेचे आधीच बोलून ठेवले होते. सोनमने ते ऐकून घेतले आणि सांगितले की डीजे त्यांच्या पाड्यावर वाजू दे, मी मात्र माझ्या घरातून फेरात नाचून निघणार, पावरीवर. तसे झाले नाही तर तिला काही लग्न मोडायचे नव्हते. पण लहानपणापासून तिने फक्त एवढेच मागितले होते, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होते.

बाज्याने मला खाली काढले. माशीचे घर काडीने फोडले, छाती भरून घेतली आणि फुंकले. अर्धा वारा तडकलेल्या सांध्यांतून बाहेर गेला. तिसऱ्या फुंकरीला तो भिंतीला टेकून खाली बसला. रूपलीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

मग राजेंद्रने मला बापाच्या मांडीवरून उचलले.

"मी शिकतो," तो म्हणाला. "पाच महिने आहेत."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! राजेंद्रने आधी मला स्वच्छ केले. मोहळाचे ताजे मेण आणून, तोंडात चावून मऊ करून प्रत्येक सांधा नव्याने बुजवला. जिभा जुन्या झाल्या होत्या, त्या बापाला विचारून नवीन बसवल्या. आता पोरानेही फुंकले असते तर मी वाजले असते, इतकी मी हलकी झाले. रोज सकाळी बाज्या त्याच्या शेजारी बसे आणि त्याची बोटे धरून माझ्या भोकांवर ठेवी. बोलत नसे. बाज्याला समजावून सांगणे कधी जमलेच नाही.

राजेंद्र झपाट्याने शिकला. पण त्याने फोनमध्ये सूर मोजण्याचे एक ॲप घेतले होते. सूर बरोबर लागला की हिरवा दिवा, चुकला की लाल. तिसरे बोट उचलले की काटा वेड्यासारखा थरथरे आणि लाल होई. राजेंद्र पुन्हा वाजवी. पुन्हा लाल. त्याचा चेहरा पडे आणि माझा, मला चेहरा असता तर, त्याहून पडला असता.

डिसेंबरात तो मला सारंगखेड्याला घेऊन गेला. यात्रेत लोककलांची स्पर्धा होती. लोकांपुढे वाजवल्याने भीड जाईल, असे त्याचे म्हणणे. मित्रांनो, मी डोंगर सोडून पहिल्यांदाच तापीच्या काठी आले. हजारो घोडे! पांढरे, काळे, कपाळावर चांदणी असलेले. त्यांच्या खिंकाळ्यांनी माझ्या नळ्या आपोआप गुणगुणू लागल्या. आणि मंचावर चाळीस दिवे एकदम अंगावर आले, तेव्हा मला वाटले की आपण आता फुटणार.

साथीला पेटी होती. माईक सांभाळणारा धर्मेंद्र नावाचा तरुण तापीकाठच्याच गावचा, केळीच्या बागा असलेल्या घरातला. आम्ही वाजवले, पण बक्षिसात आमचा नंबर आला नाही. उतरल्यावर राजेंद्र कोपऱ्यात उभा होता, तेव्हा तो स्वतःहून जवळ आला. मला हातात घेऊन त्याने फिरवून पाहिले.

"हाई भारी शे, भाऊ," तो म्हणाला. "पन पेटीसंगे जमत नही. मधमा एक सूर फाटस. तेवढा ठीक करी ले, मंग दख."

मधला फाटणारा सूर तेवढा नीट कर, हे तो मनापासून बोलला. त्याचा मुळीच दोष नाही. आमच्या दोघांच्याही मनात तेच होते.

घरी आल्यावर राजेंद्रने आठ दिवस विचार केला. मग त्याने दुकानातून प्लास्टिकची पातळ नळी आणली, मोजून कापली, आणि माझ्या तोंडातून आत सरकवून पोच्याच्या पलीकडे नेऊन बसवली. आता वारा पोच्याला शिवणारच नव्हता. त्याने तिसरे बोट उचलले.

स्वच्छ सूर. हिरवा दिवा.

मला वाटले, मी उडते आहे. चाळीस वर्षांची लाज एका फुंकरीत गेली होती! राजेंद्र तर मला हातात घेऊन अंगणभर नाचला. मग त्याने मला सोनेरी रंग दिला, पिसे जुनी झाली म्हणून काढली, आणि माझा व्हिडिओ फोनवर टाकला. चार दिवसांत सात हजार लोकांनी तो पाहिला. लांबून कुणी कुणी लिहिले की पावरी इतकी सुरेल असते हे माहीतच नव्हते. राजेंद्र मला ते वाचून दाखवी. मी प्रत्येक शब्द पिऊन घेत होते.

बाज्याने नवा सूर ऐकला तेव्हा तो दोर वळत होता. हात थांबले.

"चांगली वाजते," तो म्हणाला आणि बैल बघायला गेला.

पुढे काही दिवसांनी रूपलीबाईने त्याला विचारले की तुम्हाला हे पटले का. त्याने सांगितले की पोरगा पुस्तके वाचतो, त्याने मोजून केले आहे, माझेच कान म्हातारे झाले असतील. मी ते ऐकले. मला ऐकायचे नव्हते, म्हणून मी ते पुढे मनात येऊ दिले नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, कोवळे ऊन, हळदीचा वास. नवरदेवाकडचे वऱ्हाड नऊच्या सुमाराला आले आणि त्यांच्या मागे डीजेचा टेम्पोही आला. तो बांधापाशी उभा राहिला. नवरदेवाच्या मित्रांनी हसत सांगितले की आधी तुमचे होऊ दे, मग आमचे. गोवालने ढोल गळ्यात अडकवला. कालीबाई गुडघे चोळत येऊन फेराच्या तोंडाशी उभी राहिली. हळदीने पिवळी झालेली सोनम तिच्या शेजारी. राजेंद्रने मला ओठांना लावले.

माझा पहिला सूर निघाला आणि अख्खा पाडा उठला. चार वर्षांनी! कालीबाईने पाय टाकला, फेर सरकू लागला. ढोल घुमत होता, मी वाजत होते, एकही सूर चुकत नव्हता. मला वाटले, हाच तो दिवस, ज्यासाठी मी सुधारले.

फेराने एक वेढा घेतला. दुसरा घेतला. तिसरा. पाय सारखे डावीकडेच चालले होते. चौथ्या वेढ्याला लोक एकमेकांकडे बघू लागले. मधल्या चार जणी आपल्या मनाने उलट फिरल्या, शेजारचे फिरले नाहीत. डोके डोक्यावर आपटले. कुणाचा तरी पाय पाण्याच्या हंड्याला लागला आणि हंडा गडगडत गेला. कालीबाईचे लक्षच नव्हते. ती आपली पुढे पुढे जात राहिली, मांडवाच्या बाहेर पडली आणि तिच्या मागे फेराचे एक टोक दोरीसारखे ओढत थेट गोठ्यात शिरले. एक म्हैस दावे ओढून उभी राहिली. वऱ्हाडातली पोरे पोट धरून हसत होती. राजेंद्र वाजवायचा थांबला.

टेम्पोवरच्याने तेवढ्यात बटण दाबून एक धक्का दिला, नुसता तपासायला. माझ्या अंगातून तो आरपार गेला. फेर सुटला होता. मांडवाच्या मधोमध सोनम एकटी उभी होती. ती रडत नव्हती. हळद लागलेले हात तिने पदराला पुसले आणि भावाकडे पाहून मान हलवली, राहू दे, अशी.

राजेंद्रने खिशातून फोन काढला. तो क्षण आठवला की मला अजून त्याची दया येते. त्याने मला पुन्हा हळू वाजवले आणि फोनचा पडदा सगळ्यांपुढे धरला.

"बघा ना," तो म्हणाला, "सगळे सूर बरोबर आहेत. एकही चुकीचा नाही."

कालीबाई गोठ्यातून परत येत होती. पायाचे शेण दगडाला पुसत ती म्हणाली, "असतील रे बाबा. पण ती 'वळ' असं कधी म्हणाली?"

"कोण, फुई?" राजेंद्रने विचारले. आत्याला तिथे फुई म्हणतात.

"ही तुझी सोन्याची बाई. ती आधी खाकरायची. खाकरली की आम्ही वळायचो. आज खाकरलीच नाही. मग आम्ही काय चालत चालत गुजरातेत जायचं?"

मांडवात हशा पिकला. पण लगेच तो ओसरला, कारण सगळ्यांचे तेच म्हणणे होते. गोवाल म्हणाला की तोही ढोलाची काठी त्यावरच बदलायचा. एका म्हातारीने सांगितले की तिची सून फेरात पहिली गोष्ट शिकली ती हीच, की खर्र ऐकू आले की टाच फिरवायची. कुणी हे कुणाला मोठ्याने कधी सांगितले नव्हते. पायांनी पायांना सांगितले होते.

बाज्या खाटेवर बसला होता. तो भांबावून म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही माझ्याकडे बघून वळता."

"तुमच्याकडे?" रूपलीबाई म्हणाली. "नाचताना माणूस पायाकडे बघतं, नाहीतर ज्याच्यासाठी नाचायला आलं त्याच्याकडे. तुमच्याकडे कोण बघतंय?"

आणि मी? मित्रांनो, माझी अवस्था मी कशी सांगू! जो आवाज मी चाळीस वर्षे लपवू पाहत होते, त्यावर अख्खा पाडा वळत होता. लोक ऐकून न ऐकल्यासारखे करत नव्हते. ते कान लावून त्याचीच वाट बघत होते.

रूपलीबाईने राजेंद्रच्या हातातून मला घेतले. केसातला आकडा काढून तिने तो माझ्या तोंडात घातला आणि प्लास्टिकची नळी अडकवून सावकाश बाहेर ओढली. सोनेरी रंगाची टरफले तिच्या लुगड्यावर पडली.

"माझ्या बापाने हिला त्या बोटावर दोनदा वाजवलं होतं," ती म्हणाली. "मी तिथे बसले होते. दुसऱ्यांदा वाजवलं ते आवडलं म्हणून."

तिने मला परत मुलाच्या हातात दिले. डीजेवाला टेम्पोला टेकून बघत होता. राजेंद्रने फुंकले, तिसरे बोट उचलले, आणि खर्र आलाच नाही. नुसता वारा सुटला. त्याने पुन्हा जोर लावला. पुन्हा काही नाही. इतके महिने मी स्वच्छ बोलत होते. स्वतःचे खाकरणे मी विसरले तर नाही?

बाज्या खाटेवरून उठला. हळूहळू येऊन त्याने मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

"रेटू नको," तो म्हणाला. "तिला अडखळू दे."

राजेंद्रने डोळे मिटले. फुंकर सैल सोडली. वारा माझ्या गळ्यात शिरला, पोच्याशी गेला, तिथे जरा घुटमळला, आणि

खर्र!

शंभर टाचा फिरल्या. फेर धरायला कुणी सांगितले नव्हते, तो त्या आवाजासरशी धरला गेला आणि धरता धरताच वळला. ढोल उसळला. कालीबाई गुडघे विसरली. सोनम तिच्या कमरेला हात घालून अशी नाचत होती की हळद उडून शेजारच्यांना लागत होती. पुन्हा खर्र, पुन्हा वळण. वऱ्हाडातली पोरे आधी कडेला उभी राहिली, मग त्यांतला एक फेरात घुसला, वळणावर चुकून आपटला, हसला, आणि तिसऱ्या वळणाला बरोबर वळला. मग बाकीचेही आले. नवरदेवही आला. डीजेवाल्याने टेम्पोच्या सावलीत बसून भाकरी सोडली.

फेर ऐन रंगात असताना बाज्याने हात पुढे केला. राजेंद्रला काळजी वाटली, पण त्याने मला दिले. आणि मित्रांनो, बाज्याने मला वाजवले! एकच वळण, पण पुरे वाजवले. त्याच्या उरलेल्या श्वासाला मी पुरले, कारण माझ्या सांध्यांत राजेंद्रने भरलेले नवे मेण होते आणि नव्या जिभा होत्या. हे मी मुद्दाम सांगते. राजेंद्रची सगळी मेहनत वाया गेली असे कुणी म्हणू नये. त्याने माझ्या फटी बुजवल्या, त्यामुळे मला माझ्यासारखे बोलणे सोपे झाले. फक्त पोचा ही फट नव्हती. ते आम्हा दोघांनाही ओळखता आले नव्हते.

सोनम नाचतच अंगणाबाहेर पडली. बांधापर्यंत फेर तिच्याबरोबर गेला.

आता माझ्या अंगावर सोनेरी रंगाचे ठिपके तेवढे उरले आहेत. मला अजूनही सुधारावेसे वाटते, हे मी लपवत नाही. सूर आणखी गोड निघावा, कर्ण्याची पाने उन्हात आखडू नयेत, असे मनात येतेच. समाधानी असणे मला पुरते जमेल असे वाटत नाही. पण खर्र आला की आता मी आक्रसत नाही. उलट, तो यायच्या आधीच मला हसू फुटते.

राजेंद्र अजूनही पाचला उठतो आणि टेकडीवर धावतो. भिंतीवरचा कागदही तिथेच आहे. पावसाळ्यात त्याने छपरावर भोपळ्याचे वेल चढवले आणि त्यातल्या एकाची नवी पावरी केली. ती गुळगुळीत आहे, पोचा नाही. मात्र फुंकल्यावर ती लगेच बोलत नाही. क्षणभर गप्प राहते आणि मग एकदम बोलते. काल त्याने ती पहिल्यांदा वाजवली, तेव्हा मी खिळ्यावरून बघत होते. फोन त्याच्या खिशातच राहिला. तो जाऊन कालीबाईला घेऊन आला. कालीबाई अंगणात एकटीच, कमरेवर हात ठेवून, त्या नव्या सुरावर चालत होती. दोन पावले टाकी, थांबे, कान देई, पुन्हा चाले. पावरीची ती गप्प राहायची जागा आली की कुठला पाय कुठे टाकावा, हे तिच्या पायांना अजून ठरवता आले नव्हते. राजेंद्र घाई न करता वाजवत होता.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी खिळ्याला टांगलेले असेल. त्याला खाली काढा. त्याची धूळ पुसा, फटी बुजवा, नवे मेण लावा. जरूर दुरुस्त करा. फक्त त्याच्या गळ्याला हात लावण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा, की याच्या आवाजावर कुणाकुणाचे पाय वळतात.